तिसाव्या दिवशी एक फोन करा

सोलापुरातल्या अतिदक्षता विभागांत काम करणारे डॉक्टर, ती रुग्णालयं चालवणारी व्यवस्थापनं आणि त्यांची नोंदणी करणारं महापालिकेचं आरोग्य खातं यांना,

स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, माझं औषधांचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात रात्री शटर निम्मं खाली ओढलं होतं, तेव्हा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतली एक जुनी गिऱ्हाईक वाकून आत आली. हातात रुग्णालयाचा छापील कागद. नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, दुपारीच दाखल केलं होतं, आणि रात्री नऊला तिला सांगण्यात आलं होतं की आता काही उपयोग नाही, घरी न्यायचं असेल तर इथं सही करा. तिला वाचता येत नाही. विडीच्या पानाचा वास येणारा तो हात तिनं काउंटरवर टेकवला आणि इतकंच विचारलं, “अन्ना, सही करू का?”

तो कागद मला वाचावा लागला नाही. चौदा महिन्यांपूर्वी त्याच नमुन्यावर मी सही केली आहे.

माझा थोरला भाऊ यंत्रमागावर जॉबर होता. वय ५८. रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या, आणि तो त्या बरं वाटलं की बंद करायचा. (हे मला माहीत होतं. पत्रात कुठंतरी लिहावं लागणारच होतं, म्हणून इथंच लिहितो.) एका रात्री जेवताना उजव्या हातातला घास ताटात पडला, तोंड वाकडं झालं. वदिनाला, म्हणजे वहिनीला वाटलं, चेष्टा करतोय. जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं, सीटी काढला, मेंदूत डाव्या बाजूला खोलवर रक्ताचा गोळा निघाला. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मोठ्या रुग्णालयात आम्ही अकराला पोहोचलो आणि पहाटे अडीचला त्याला घेऊन बाहेर पडलो. साडेतीन तास. त्यातला एक तास डिपॉझिट भरण्यात गेला.

आम्हाला सांगणारे डॉक्टर तरुण होते. डोळे तांबारलेले, बहुधा सलग दुसरी पाळी. उद्धट अजिबात नव्हते. त्यांनी मोबाइलवर काहीतरी भरलं आणि म्हणाले, “तीन गुण येतात. असे शंभर आले तर बहात्तर जातात. राहिलेलेही बहुतेक अंथरुणावर. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळेल.”

घरात बी.फार्म. झालेला मी एकटा. वदिनानं माझ्याकडे बघितलं, पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला होतो, म्हणून मी सही केली.

भाऊ घरी चौसष्ट तास जगला. सलाईन नाही, नळी नाही, तापाला उतारा नाही. तोंडात चमच्यानं पाणी घालायचं की ते श्वासनळीत जाईल, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी औषधं विकणारा माणूस असून मलाही ठरवता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वदिनानं हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले. मला वाटतं, उघडले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

तो रुग्णालयात राहिला असता तर वाचला असता, असा माझा दावा नाही. माझी तक्रार त्याच्या नेमकी उलटी आहे. तो वाचला असता की नाही, हे त्या रात्री कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्हाला ते माहीत असल्यासारखं सांगितलं गेलं.

नंतर मी कागद मागितले. रुग्णाच्या नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. मला चार खेटे घालावे लागले, पाच आठवडे लागले. मिळाल्यावर मी ते दुकानातल्या मागच्या खोलीत बसून, प्रिस्क्रिप्शन तपासावं तसे ओळ न ओळ वाचले. मग डॉक्टरांनी मोबाइलवर काढलेले ते गुण, म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाचा ‘स्कोअर’, काय असतो ते शोधून वाचलं. आता जे लिहितो ते त्या वाचनावरून. चूक असेल तर सांगा, जाहीर दुरुस्ती करीन.

हा स्कोअर २००१ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी १५२ रुग्णांच्या नोंदींवरून बांधला. बघायच्या गोष्टी पाचच. शुद्धीचे गुण, जे ३ ते १५ मध्ये मोजतात : ३-४ असतील तर दोन, ५ ते १२ असतील तर एक, त्यापुढे शून्य. रक्ताचा गोळा ३० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर एक. रक्त मेंदूतल्या पोकळ्यांत उतरलं असेल तर एक. रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात सुरू झाला असेल तर एक. वय ८० किंवा वर असेल तर एक. बेरीज करायची. त्या १५२ जणांत शून्य गुणांचं कुणी तीस दिवसांत गेलं नाही. एक गुणवाल्यांत १३ टक्के गेले, दोनमध्ये २६, तीनमध्ये ७२, चारमध्ये ९७, आणि पाच गुणांचं कुणी राहिलं नाही.

सोपं आहे, रात्री दोन वाजताही बोटांवर मोजता येतं, आणि म्हणूनच ते जगभर पसरलं. रुग्णांचे गट पाडावेत, उपचारांत आणि संशोधनात सगळ्यांनी एकच भाषा बोलावी, यासाठी ते केलं होतं. समोरच्या एका माणसाला घरी पाठवायचं की नाही, हे त्यावरून ठरवायचं नव्हतं. आणि दोन ते तीन ही एका गुणाची उडी बघा : २६ वरून थेट ७२. ज्या तराजूत एक गुंज इकडची तिकडे झाली की पारडं असं कोसळतं, तिथं वजन करणाऱ्याचा हात स्थिर हवा.

भावाच्या कागदांत तो हात कसा होता ते सांगतो.

पहिल्या दवाखान्यात रात्री ८.५० ची नोंद आहे : हाक मारल्यावर डोळे उघडतो, बोलणं विसंगत, सांगितलेलं करतो. शुद्धी १३. मोठ्या रुग्णालयात ११.४० ला शुद्धी ८. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटतं, माणूस झपाट्यानं खालावला. पण मधल्या पानावर सिस्टरच्या अक्षरात एक ओळ आहे : ११.१०, मिडॅझोलम, शिरेतून. तो हातपाय झाडत होता, स्कॅन नीट व्हावा म्हणून दिलं असेल, द्यावंही लागलं असेल. पण मिडॅझोलम हे गुंगीचं औषध आहे. ते दिल्यावर अर्ध्या तासानं कुणाचीही शुद्धी मोजा, खालीच येईल. ती खाली आलेली शुद्धी स्कोअरमध्ये धरली गेली. १३ धरली असती तर त्या रकान्यात शून्य पडलं असतं. बेरीज तीनऐवजी दोन. बहात्तरऐवजी सव्वीस.

कदाचित इंजेक्शनच्या आधीच तो खरोखर खालावला असेल. अशा रक्तस्रावात पहिल्या काही तासांत गोळा वाढणं हे नेहमीचंच आहे. पण आल्या आल्या, इंजेक्शनच्या आधी, त्याची शुद्धी कुणी मोजल्याची नोंद नाही. त्यामुळे ते आता कधीच कळणार नाही.

दुसरं, गोळ्याचं माप. त्याचाही एक गुण धरला होता, आणि उरलेला एक पोकळ्यांत उतरलेल्या रक्ताचा. रिपोर्टात ३४ मिलिलिटर. हे माप कसं काढतात? सीटीवर गोळ्याची सर्वांत लांब बाजू, तिला काटकोनात रुंदी, आणि किती कापांवर दिसतो त्यावरून उंची. तिन्हींचा गुणाकार, भागिले दोन. गोळा लंबगोल आहे असं मानून केलेला हा अंदाज आहे, आणि खरे गोळे काही साच्यातून निघत नाहीत. रेषा ३० ची. मधलं अंतर चार मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाबरोबर आम्ही जो चमचा देतो, तो पाचाचा असतो.

तिसरं मला सर्वांत जास्त सलतं. पोहोचला तेव्हा रक्तदाब २१०/१२०. त्यानंतरची नोंद थेट १.५५ ची : १९६/११०. मधे जवळजवळ तीन तास काही नाही. २०२३ साली दहा देशांतल्या सात हजारांहून जास्त रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतही त्यात होता. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम लवकर उलटवायचा, आणि हे सगळं एकत्र, घड्याळ लावून करायचं. एवढ्यानं वाईट गत होणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. यातली बहुतेक औषधं माझ्या फडताळात आहेत किंवा मी घाऊक बाजारातून दुपारपर्यंत आणून देऊ शकतो. जवळजवळ तीन तास ज्याचा दाब पुन्हा मोजला गेला नाही, त्याचं भवितव्य मात्र टक्क्यांत सांगितलं गेलं.

हा केवळ आमच्या एका रात्रीचा हलगर्जीपणा असता तर मी संबंधितांना खासगी पत्र लिहिलं असतं. पण अंदाजाचा हा सगळा व्यवहारच एका भोवऱ्यात फिरतो आहे, आणि ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तो स्कोअर निघाला त्याच वर्षी, २००१ मध्ये, अमेरिकेतल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की रक्तस्रावाचे रुग्ण दगावण्यामागे उपचार थांबवण्याचा निर्णय हेच मोठं कारण असतं. म्हणजे ‘हा जाणार’ म्हणून उपचार आवरते घ्यायचे, तो गेला की त्याला ‘जाणाऱ्यां’च्या रकान्यात मोजायचं, आणि पुढच्या रुग्णाला तोच रकाना दाखवायचा. २०१५ साली याची उलट बाजू तपासली गेली. शुद्धी १२ किंवा त्याखाली असलेले १०९ रुग्ण घेतले आणि पहिले पाच दिवस कुणाच्याही बाबतीत हात आखडायचा नाही असं ठरवलं. स्कोअरनुसार त्यांतले निम्मे तीस दिवसांत जायला हवे होते. गेले वीस टक्के.

आणि जे राहतात ते ‘अंथरुणावर’? गंभीर रक्तस्रावाच्या रुग्णांवर झालेल्या दोन चाचण्यांच्या नोंदी २०२२ साली एकत्र तपासल्या गेल्या. महिन्याच्या शेवटी ज्यांची अवस्था वाईट होती, दुसऱ्याच्या मदतीशिवाय ज्यांचं चालत नव्हतं, त्यांतले सुमारे ४३ टक्के वर्षभरात इतके सुधारले की कुणाचा हात न धरता चालू शकत होते. ते चाचणीतले निवडक रुग्ण होते, सेवा चांगली मिळाली होती, हे मान्य. आमच्याकडे महिनाभर थांबायची सोय कितीजणांना आहे, हाही प्रश्न आहे. पण रक्ताचा गोळा विरायला, मेंदूची सूज उतरायला आठवडे जातात. पहिल्या रात्री कशाच्या आधारावर ‘अंथरुणावर’ म्हणायचं?

म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना, ज्यांचा हवाला तुमच्या परिषदांत रोज दिला जातो, २०२२ सालीही तेच सांगतात : आधीपासून रुग्णाची तशी इच्छा नसेल तर उपचार थांबवण्याचे नवे निर्णय दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकला, आणि नुसत्या स्कोअरवर कुणाचं भवितव्य ठरवू नका.

आता तुमची बाजू. ती मला दिसते, कारण माझं निम्मं गिऱ्हाईक तुमच्या चिठ्ठ्या घेऊन येतं. मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शीच काय, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीपासून पेशंट सोलापुरात येतात. व्हेंटिलेटर मोजके. रोजचा खर्च असा की चौथ्या दिवशी घरातला माग विकायची भाषा सुरू होते. आशा दाखवली आणि पेशंट गेला तर काचा फुटतात, त्यापेक्षा आधीच वाईट सांगून ठेवलेलं बरं, असं एका डॉक्टरांनी मला खासगीत सांगितलं. मला त्यात लबाडी दिसली नाही, भीती दिसली. आणि काही घरांनी आपला माणूस आपल्या अंगणात जावा म्हणून नेणं हेही योग्य असतं. त्यांना अडवू नका.

पण मग कागदावर तसं लिहा. माझ्या सहीच्या वर छापलंय : ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, नातेवाइकांच्या स्वतःच्या जबाबदारीवर.’ तुम्ही त्याला डामा म्हणता. सल्ल्याविरुद्ध? सल्ला तर तुमचाच होता! आमच्या घरात चौदा महिने एक वाक्य कुणी उच्चारत नाही, ते मी इथं लिहितो : त्या कागदानुसार माझ्या भावाला मी रुग्णालयातून काढून आणलं.

या देशात जगवणारे उपचार थांबवण्याला कायद्याची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये ती घालून दिली, जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ, मग दुसरं मंडळ, नातेवाइकांची संमती, सगळं लेखी. ही वाट वेळ खाते, जबाबदारी मागते. डामाचा कागद मात्र दोन मिनिटांत होतो आणि जबाबदारी सगळी अंगठ्याच्या शाईत उतरते. पूर्व भागात तो अंगठा बहुतेक वेळा अशा बाईचा असतो, जिला ‘प्रोग्नोसिस पुअर’ (सुधारण्याची आशा कमी) हे तेलुगूत काय ते कुणी सांगितलेलं नसतं.

माझ्या मागण्या अशा.

पहिले दोन पूर्ण दिवस कुणालाही, स्कोअर काहीही असला तरी, ‘घरी न्या’ असं आपणहून सुचवू नका. घरच्यांनी विचारलं तर ‘आत्ता सांगता येत नाही, परवा सांगू’ हे उत्तर द्या. ते ऐकायला आम्ही तयार आहोत.

स्कोअर काढलात तर तो केसपेपरवर लिहा : शुद्धी किती वाजता मोजली, त्याआधी गुंगीचं औषध दिलं होतं का, गोळ्याचं माप कुणी घेतलं. त्याची प्रत न मागता द्या. रक्तदाबाच्या नोंदी पहिल्या तासात दर काही मिनिटांनी दिसल्या पाहिजेत.

पैसा संपला म्हणून न्यायचं असेल तर ‘पैसा नाही’ असं लिहा, खाट नाही तर ‘खाट नाही’ असं लिहा. राज्याच्या आरोग्य योजनेत २०१२ साली जे पहिले आठ जिल्हे घेतले, त्यांत सोलापूर होता. इतक्या वर्षांनंतरही नातेवाइकाला आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयातला योजनेचा मदतनीस, कुठं बसतो हे पानपट्टीवाल्याकडून कळावं, हे बरं दिसत नाही. योजनेत बसतं की नाही, सरकारी दवाखान्यात खाट आहे की नाही, हे सहीच्या आधी सांगा. सही झाल्यावर सांगून काय उपयोग?

जो घरी जातोय त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. वेदना, ताप, घशातली घरघर यांवर काय द्यायचं, पाणी द्यायचं की नाही, कूस किती वेळानं बदलायची, रात्री कुणाला फोन करायचा : एक पान, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. छपाईचा खर्च मी देतो. हे टोमण्यानं म्हणत नाही, खरंच देतो.

आणि महापालिकेच्या आरोग्य खात्याला एकच मागणी. नर्सिंग होमच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आहे. ती कुठं आहे आणि कुठं कुंडीमागं आहे ते तुम्ही बघालच. त्यापलीकडे, मेंदूच्या रक्तस्रावाचा जो जो रुग्ण डामावर बाहेर पडतो, त्याच्या घरी तिसाव्या दिवशी एक फोन करायला रुग्णालयांना सांगा. माणूस आहे की गेला, एवढंच विचारायचं आणि वहीत लिहायचं. तो सगळा स्कोअर तीस दिवसांच्या हिशेबावर उभा आहे, आणि आमच्या घरी तिसाव्या दिवशी कुणाचाही फोन आला नाही. रुग्णालयाच्या दप्तरी माझा भाऊ मेलेलाच नाही. तो ‘डिस्चार्ज’ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या १५२ माणसांवरून सोलापूरच्या माणसाचं मरण सांगायचं असेल तर सोलापूरची माणसं कुठंतरी मोजलेली हवीत.

राहता राहिलो आम्ही दुकानदार. दोन-दोन गोळ्या कातरून विकतो, ‘बीपी आता बरा आहे’ म्हणणाऱ्याला हसून सोडून देतो. महिनाभर गोळ्या न्यायला न आलेल्या गिऱ्हाइकांची यादी मी जानेवारीपासून ठेवायला लागलो आहे. त्यातल्या काहींना फोनही करतो. बहुतेक चिडतात.

त्या रात्री मी त्या बाईला सांगितलं, आज सही करू नका, उद्या दुसरा सीटी काढून मग बोलू म्हणा. मला तो अधिकार नव्हता. मी डॉक्टर नाही, तिच्या घरचा नाही, आणि त्या सल्ल्याचं बिलही मी भरणार नव्हतो. तरी सांगितलं. ती परत गेली. आज सहावा दिवस. माणूस अजून आयसीयूत आहे, ताप आहे, डावा पाय हलवतो म्हणतात. काल ती सिरिंज न्यायला आली होती. तिच्या नवऱ्याचे किती गुण आले ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.

आपला,
पूर्व भागातला एक औषध दुकानदार, सोलापूर